भोक पाडायचंच आहे तर पाईपसाठी पाडा

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहेत. राऊटर एका खोलीत, काम दुसऱ्या खोलीत आणि मधे भिंत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त भिंत.

प्रश्न: राऊटर हॉलमध्ये आहे आणि माझं कामाचं टेबल बरोबर त्याच भिंतीच्या मागे. वायफाय येतं, पण मीटिंग चालू असताना मधेच आवाज तुटतो, मग मी उठून हॉलमध्ये जातो, मग घरातले लोक वैतागतात. आता सरळ वायर आणायची ठरवलीय. भिंत विटेची असावी, दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजली तर २५ सेंटिमीटर भरली. ड्रिल मशीन आहे माझ्याकडे. भोक कुठे आणि किती मोठं पाडू? आणि आतली लाईटची वायर लागली तर? बायको म्हणतेय इलेक्ट्रिशियनला बोलव, मला वाटतं एका भोकासाठी कशाला.

उत्तर: आधी बायकोचं बघू. भिंतीत लाईटच्या वायरी कुठून गेल्यात हे तुम्हाला माहीत नसेल आणि शोधायचा कंटाळा असेल, तर त्या बरोबर आहेत. शोधायची तयारी असेल तर तुम्ही बरोबर.

शोधायचं कसं, तर त्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी जेवढे स्विचबोर्ड, प्लग, दिवे आहेत ते आधी बघून घ्या. भिंतीतला पाईप बहुतेक वेळा बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली नाहीतर सरळ आडवा गेलेला असतो. म्हणजे प्रत्येक बोर्डाच्या वर, खाली आणि बाजूला जो पट्टा येतो तो तुमच्यासाठी बंद. "बहुतेक वेळा" असं मुद्दाम म्हणतोय, कारण तिरका पाईप टाकणारे महाभाग पण असतात. त्यामुळे वायर शोधायचं छोटं यंत्र मिळतं ते कोणाकडून तरी मागून आणा आणि जागेवर दोन-तीनदा फिरवा. आणि भोक पाडताना त्या भिंतीचा लाईटचा सर्किट खाली पाडून ठेवा, ड्रिलला लाईट दुसऱ्या सर्किटवरच्या खोलीतून एक्स्टेन्शनने घ्या. लाईट बंद असेल तर वायर कापली गेली तरी नुकसान वायरचंच होईल, तुमचं नाही. पाण्याचा पाईप पण विसरू नका, भिंतीच्या एका अंगाला बाथरूम किंवा सिंक असेल तर तिथून लांबच राहा.

कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही. ड्रिल सुरू केल्यावर लाल भुकटी आली तर वीट, चालू द्या. करडी भुकटी येतेय, बिट गरम होतंय आणि दोन मिनिटं झाली तरी पुढे सरकत नाही म्हणजे काँक्रीट, थांबा. लोखंडाचा आवाज आला तर सळई आहे, ती कापून पुढे जायचा हट्ट करू नका, ती घराचं वजन पेलतेय. अर्धा सेंटिमीटरचं भोक बुजवायला पाच मिनिटं लागतात, बुजवा आणि हातभर बाजूला सरका.

आता भोक किती मोठं. तयार प्लग लावलेली केबल असते त्या प्लगची रुंदी जवळजवळ १२ मिलिमीटर, वर ती प्लास्टिकची जीभ, म्हणजे प्लगसकट घालायची तर १६ चं भोक हवं. नुसती केबल, प्लग न लावलेली, कॅट-६ (नेटच्या केबलचा एक दर्जा) असेल तर साधारण ६ मिलिमीटर जाड, तिला ८ चं भोक पुरतं. पुस्तकी उत्तर एवढंच, पण मी तुम्हाला यातलं एकही करा म्हणणार नाही. २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घ्या, भिंतीच्या जाडीएवढा तुकडा कापा, २२ चं भोक पाडून तो पाईप आत बसवा आणि केबल पाईपातून न्या. कारण आज एक वायर हवीय, उद्या त्याच टेबलाशी दुसरी लागेल. मग टीव्ही म्हणेल मला पण द्या. आणि विटेच्या भोकाच्या कडा खरखरीत असतात, केबल ओढताना तिचं साल निघतं. पाईपातून तीन केबल आरामात जातात, खराब झालेली ओढून काढता येते, भिंतीला परत हात लावावा लागत नाही. केबलसोबत एक नायलॉनची दोरी पण पाईपात घालून ठेवा, दोन्ही टोकं बाहेर.

भोक पाडायची रीत महत्त्वाची आहे, इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. पहिल्या वेळी मी दोन्ही खोल्यांत टेपने मोजलं, दारापासून इतकं, जमिनीपासून इतकं, आणि दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं भोक पाडलं म्हणजे मधे भेटतील म्हणून. नाही भेटली. चार बोटं चुकली होती, कारण चौकट दोन्ही बाजूंना सारखी नव्हती आणि एका खोलीची फरशी वर होती. त्या खोलीत अजून कपाट ज्या जागी आहे ते तिथे का आहे हे फक्त मला माहितीय. तर असं करू नका. लांब आणि बारीक बिट घ्या, ६ मिलिमीटर जाड आणि तुमच्या २५ सेंटिमीटर भिंतीसाठी निदान ३५-४० सेंटिमीटर लांब, मशीनसोबत मिळतं ते साधं बिट मधेच संपतं. एका बाजूने मशीन सरळ धरून आरपार जा. आता दोन्ही बाजूंना एकाच रेषेत बारीक भोकं आली, मग मोठं बिट लावून अर्धं इकडून आणि अर्धं तिकडून. आरपार एकाच बाजूने मोठं बिट घातलं तर पलीकडे बाहेर पडताना प्लास्टरचा तवाएवढा पापुद्रा घेऊन पडतं, तेही दाखवून झालंय मला. बारीक बिटसुद्धा शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला हॅमर बंद करून हळू चालवा.

तुमचं मशीन छोटं, १३ मिलिमीटर चकवालं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा) असेल तर २२ चं बिट त्याला झेपायचं नाही, मोटर जळेल. रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणा. चष्मा आणि मास्क लावा, विटेची नी सिमेंटची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. भोकाच्या खाली एक उघडं पाकीट चिकटपट्टीने लावलं तर निम्मा कचरा त्यात पडतो.

केबल घेताना दोन गोष्टी बघा. एक, आत सॉलिड तार असलेली, म्हणजे प्रत्येक रंगात एकच अखंड तार. भिंतीत हीच टाकायची. बारीक तारांचा पुंजका असलेली मऊ केबल फक्त टेबलावरच्या जोडणीला. दोन, पूर्ण तांब्याची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल येते, वरून अगदी सारखी दिसते, पण तिचा रोध जास्त, तार ठिसूळ, दोनदा वाकवली की तुटते. टोक चाकूने खरवडून बघा, आत पांढरं चमकलं तर परत करा.

आणि भिंतीतून आलेल्या केबलला डायरेक्ट प्लग मारून कॉम्प्युटरला लावू नका. दोन्ही बाजूंना भिंतीवर छोटा बॉक्स, त्यात सॉकेट, आणि सॉकेटपासून कॉम्प्युटरपर्यंत मऊ तयार केबल. सॉलिड तार रोज हलली, टेबल सरकलं, खुर्चीचं चाक गेलं की आतून तुटते, आणि तुटली की भिंतीतली केबल बदलावी लागते. सॉकेट असेल तर रोज हलणारी केबल बाहेरची, तिला काही झालं तर दोन मिनिटांत बदलते.

प्रश्न: मी सगळं स्वतः केलं, केबल टाकली, सॉकेट बसवलं, नेट चालू पण झालं. पण स्पीड ९५ च्या वर जात नाही, वायफायवर ३०० येतो. मग वायरचा फायदा काय?

उत्तर: ९५ हा आकडा सांगितल्याबद्दल आभार, त्याच्यातच उत्तर आहे. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, तिथे १००० ऐवजी १०० दिसत असणार. केबलमध्ये ८ तारा, ४ जोड्या. १०० च्या स्पीडला दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. १००० ला चारही लागतात. म्हणजे तुमची निळी नाहीतर तपकिरी जोडी कुठेतरी लागलेली नाहीये, मशीनला चार मिळाल्या नाहीत म्हणून ते गुपचूप दोनवर उतरलं आणि चालू राहिलं. आधी टेबलावरची मऊ केबल बदलून बघा, ती जुनी चार तारांची असू शकते. तरी १०० च असेल तर दोन्ही सॉकेट उघडा, निळ्या आणि तपकिरी तारा परत दाबून बसवा. दहातल्या नऊ वेळा यातच सापडतं.

रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा. टी-५६८-बी नावाचा क्रम जास्त चालतो, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यात हिरवी जोडी फाकवून निळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवलीय ते बघून लोकांना वाटतं हे चुकीचं छापलंय. मलाही वाटलं होतं. मी एकदा रात्री उशिरा स्वतःच्या अकलेने "सरळ" क्रम लावला, नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, दोन्ही टोकांना अगदी सारखा. टेस्टरवर आठही दिवे एकामागून एक लागले, मी खूश. नेट मात्र लागायचं, तुटायचं, लागायचं, तुटायचं. दोन दिवस राऊटरला शिव्या दिल्या. झालं असं होतं की ३ आणि ६ नंबरच्या पिनांवरून एक सिग्नल जातो, त्या दोन्ही तारा एकाच पिळाच्या असायला लागतात, माझ्या क्रमात एक हिरव्या जोडीतली होती आणि एक निळ्या. पीळ असतोच मुळात यासाठी, की बाहेरून आलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडावा आणि पलीकडे तो वजा व्हावा. पीळ मोडला की तो हिशोब मोडतो. साध्या दिव्याच्या टेस्टरला फक्त तार इकडून तिकडे पोचली का एवढंच कळतं, कोण कोणाच्या जोडीला आहे हे नाही कळत.

त्याच कारणाने सॉकेटमध्ये तारा बसवताना पीळ फार उकलू नका, १३ मिलिमीटरच्या आत. हाताला सोपं पडतं म्हणून बरेच जण दोन-दोन इंच उकलून ठेवतात.

प्रश्न: घरात जुन्या लँडलाईन फोनचा पाईप भिंतीतून गेलाय, आता फोन नाही. त्यातून नेटची केबल जाईल का? आणि फोनचा पाईप जिथे संपतो तिथून पुढे लाईटच्या पाईपातून नेली तर चालेल का? वय ७१, शिडीवर चढायला मुलगा देत नाही, तेव्हा सोपं काय ते सांगा.

उत्तर: काका, फोनचा पाईप म्हणजे लॉटरी लागली तुम्हाला. आधी फक्त एवढं बघा की जुनी वायर आत सुटी आहे की अडकलेली. एका माणसाने एका टोकाला हळूच ओढायची, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला बघायचं. हलली तर काम झालंच. तिलाच नवी केबल आणि एक दोरी बांधायची, सांधा निमुळता करून चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची म्हणजे वळणात अडकत नाही, आणि एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून सरकवत राहायचं. जोर लावायचा नाही. या केबलला ११ किलोच्या आसपासच ताण चालतो, त्याच्यापुढे आतला पीळ ताणला जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. अडकलं तर थोडं मागे घ्या, परत ओढा. पाईपातून जुनी वायर आधी काढून टाकू नका, हे तेवढं लक्षात ठेवा, लोक साफसफाई म्हणून ती काढतात आणि मग वायर ओढायची स्प्रिंग पाईपात घालत बसतात. वायर हललीच नाही तर ती प्लास्टरमध्ये थेट गाडलेली असेल किंवा पाईप चेपला असेल, मग तिचा नाद सोडायचा.

लाईटच्या पाईपातून मात्र नाही म्हणजे नाही. नेट हळू चालेल वगैरे हा मुद्दा नंतरचा. नेटच्या केबलचं साल घरातल्या लाईटच्या व्होल्टेजसाठी बनवलेलं नसतं, कधी लाईटच्या वायरचं साल सोललं गेलं तर करंट केबलमधून थेट राऊटरच्या आणि कॉम्प्युटरच्या अंगावर येतो, आणि ते तुम्ही हाताने धरता. दोन्ही शेजारी शेजारी लांबवर न्यायच्या तर मधे वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. बॉक्स पण वेगळा. पुढचा टप्पा केसिंग पट्टीतून भिंतीच्या कडेने न्या, तेही मुलाकडून करून घ्या.

प्रश्न: भाड्याचं घर आहे, मालक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. काय करू?

उत्तर: मालकाशी भांडू नका. चपटी केबल मिळते, दाराच्या फटीतून किंवा गालिच्याखालून जाते, तिच्या आतल्या तारा बारीक असतात म्हणून १०-१५ मीटरपर्यंतच वापरा आणि दारात दररोज चेपली जाणार नाही अशा कोपऱ्यातून काढा. एसीच्या पाईपासाठी भोक आधीच पाडलेलं असतं, त्यात बऱ्याचदा जागा शिल्लक असते. खोलीत टीव्हीची जाड काळी केबल आलेली असेल आणि तिचं दुसरं टोक राऊटरजवळ निघत असेल तर तिच्यावरून नेट नेणारे मोका नावाचे डबे येतात, दोन्ही टोकांना एक-एक, ते चांगले चालतात, फक्त त्या केबलवर डिशचा सिग्नल चालू नसला पाहिजे. लाईटच्या वायरिंगवरून नेट नेणारे डबे पण आहेत, पण ते घरच्या वायरिंगच्या मर्जीवर. मिक्सर लावला की नेट बसतं, असं पण होतं. परत करता येत असतील तर आणून बघा.

प्रश्न: दुकानदार म्हणतोय कॅट-८ घ्या, आयुष्यभराचं काम होईल. घेऊ?

उत्तर: नका घेऊ. कॅट-८ सर्व्हरच्या खोल्यांसाठी आहे, ३० मीटरच्या आतल्या अंतराला. जाड, कडक, वर जाळीचं आवरण, घरातल्या बॉक्समध्ये वळवता वळवता जीव जातो. कॅट-५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते. कॅट-६ त्याच अंतराला १ गिगाबिट आणि ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट, घरात ५५ मीटर होतात कुठे? आयुष्यभराचं काम पाईपाने होतं. वाचलेल्या पैशात पाईप घ्या आणि एक केबल जास्तीची टाका.

प्रश्न: अंगणापलीकडे वेगळी खोली आहे, घरापासून ४० मीटर. तिथे भावाने ऑफिस टाकलंय. जमिनीतून पाईप टाकून कॅट-६ नेली तर?

उत्तर: अंतराच्या हिशोबात बसते, पण मी नेणार नाही. दोन वेगळ्या इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि आसपास वीज पडली तर ४० मीटर तांब्याची तार तो झटका गोळा करून दोन्हीकडची मशीनं घेऊन जाते. वीज त्या तारेवरच पडायला पाहिजे असं काही नाही, जवळपास पडली तरी पुरतं. तिथे फायबर टाका, काचेतून वीज वाहत नाही. बाहेरच्या कामाची तयार टोकं लावलेली फायबर मिळते, मापाने थोडी जास्त लांब घ्या, दोन्हीकडे एक-एक कन्व्हर्टर, म्हणजे फायबरवरचं नेट साध्या केबलवर आणणारा डबा, झालं. फायबरला लोखंडी तारेचा आधार असलेला प्रकार पण असतो, तो घेऊ नका, परत धातू आलाच. पाईप मोठा टाका कारण तयार टोक जायला जागा लागते, आणि वळणं गोल ठेवा.

प्रश्न: भोक पाडून पाईप बसवला, तुमच्याच जुन्या उत्तरात वाचून. आता पाईपच्या बाजूने फट राहिलीय आणि पाईपातून झुरळं येतायत. सिमेंट भरू का?

उत्तर: बाजूची फट सिमेंटने किंवा पुट्टीने भरा, पाईपाच्या आत सिमेंट भरू नका, नाहीतर सगळी मेहनत गेली. आतमध्ये दोन्ही टोकांना स्पंजचा तुकडा कोंबा, केबलच्या भोवतीने, झुरळं थांबतात आणि हवं तेव्हा निघतो. ही भिंत जिन्याच्या किंवा गाडी ठेवायच्या खोलीच्या बाजूची असेल तर स्पंज नको, आगीला अडवणारं सीलंट मिळतं ते भरा, आग आणि धूर अशा भोकातूनच पसरतात. बाहेरच्या भिंतीतून पाईप काढला असेल तर बाहेरचं टोक थोडं खाली झुकलेलं हवं आणि केबलला भोकात शिरायच्या आधी खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, केबलवरून चालत घरात येत नाही. बाहेरून सिलिकॉन लावा. आणि ती नायलॉनची दोरी घातली असेल तर स्पंज कोंबताना तिचं टोक आत ढकलू नका, बाहेर ठेवून बॉक्समध्ये गाठ मारा. घातली नसेल तर केबल आत आहे तोवरच घालून घ्या.